वजन छान वाढलंय

मुदतीआधी जन्मलेल्या बाळाच्या डोक्याची सोनोग्राफी तिसऱ्या दिवशी नॉर्मल आली, की मी निर्धास्त होत असे. रिपोर्ट फाइलला लावायचा, आईला ‘मेंदू छान आहे’ म्हणून सांगायचं आणि दूध, वजन, कावीळ, डोळ्यांची तपासणी यांच्या मागे लागायचं. जिल्ह्याच्या गावात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम सुरू केलं तेव्हा माझा सगळा अभिमान बाळं जगवण्यात होता. बाराशे ग्रॅमचं बाळ घरी गेलं की स्टाफला पेढे मिळायचे आणि भिंतीवर आणखी एक फोटो लागायचा. त्या फोटोंतली काही मुलं पुढे चालली नाहीत. ती लसीकरणाला माझ्याकडेच यायची, मीच त्यांना तपासायचे, आणि तरीही त्यांच्यातली सेरेब्रल पाल्सी दुसऱ्याच कुणीतरी ओळखायची. तेही वर्ष-सव्वा वर्ष उलटून गेल्यावर.

एक मुलगी सांगते. तिसाव्या आठवड्यात जन्मलेली. व्हेंटिलेटर, रक्त, एकदा जंतुसंसर्ग, असं सगळं पार करून घरी गेली. तिसऱ्या दिवसाची सोनोग्राफी स्वच्छ होती आणि मी ती परत केलीच नाही. इथेच पहिलं चुकलं. अशा बाळांच्या मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेचा पांढरा भाग फार नाजूक असतो, आणि पायांकडे जाणारे तंतू नेमके तिथूनच जातात. त्या भागाला इजा झाली तर सोनोग्राफीत छिद्रं दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पुढे काही आठवड्यांत ती मिटूनही जातात. म्हणजे तिसऱ्या दिवशी बघणारीला काही दिसत नाही आणि तिसऱ्या महिन्यात बघणारीलाही कदाचित दिसणार नाही. पुस्तकात हे मी वाचलेलं होतं. पण सोनोग्राफीचं मशीन दुसऱ्या दवाखान्यात, रेडिओलॉजिस्टला बोलवायचं म्हणजे खर्च, आणि घरच्यांचं बिल आधीच फुगलेलं. वजन वाढत होतं, तेवढ्यावर मी समाधान मानलं.

प्रसूतीच्या मूळ तारखेपासून मोजलं तर ती तीन महिन्यांची झाली तेव्हा थंडी होती. झबलं, त्यावर स्वेटर, डोक्याला कुंची, वरून दुपटं. मी कपड्यांसकट वजन केलं, अंदाजाने दोनशे ग्रॅम वजा केले, झबल्याच्या आतून स्टेथोस्कोप घातला, टाळू चाचपली, लस दिली. सोबत आलेली आजी दुपटं गुंडाळता गुंडाळता म्हणाली, ‘‘बाई, लंगोट बांधताना मांड्या फाकत न्हाईत वो हिच्या. दोघींनी धरावं लागतंय.’’

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. ‘‘आजी, दिवसाआधीची बाळं जरा कडकच असतात. तेल लावा, कोवळं ऊन द्या. वजन बघा की किती छान वाढलंय.’’

आजी गप्प बसली. डॉक्टरच म्हणतायत म्हटल्यावर ती काय बोलणार?

पुढे अपंगत्वाच्या दाखल्यासाठी जुने कागद लागले तेव्हा त्या दिवसाचा केसपेपर पुन्हा माझ्या हातात आला. त्यावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं : ‘टोन किंचित वाढलेला? धीर दिला. मालिश.’ ते प्रश्नचिन्ह मला अजून छळतं. मला कळलंच नव्हतं असं म्हणायची सोय त्याने ठेवली नाही. शंका आली होती. ती कागदावर उतरवली आणि घरच्यांपासून लपवली.

का लपवली? पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होते की आईबापाला उगीच घाबरवायला नको म्हणून. ते अर्धंच खरं आहे. बाळ माझ्याच अतिदक्षता विभागात वाढलं होतं. ‘सेरेब्रल पाल्सी’ म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, ‘मग तुमच्याकडे असताना काय झालं?’ त्या प्रश्नाची मला भीती होती. खरं तर त्याला सरळ उत्तर देता आलं असतं. या आजाराला प्रसूतीशी जोडलं १८६० च्या सुमारास लंडनच्या विल्यम लिटल या सर्जनने. आणि १८९७ मध्ये याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिताना सिग्मंड फ्रॉइडने, हो, तोच फ्रॉइड, अशी शंका मांडली की काही बाळांत अवघड प्रसूती हे कारण नसून आधीच बिघडलेल्या गोष्टीचं लक्षण असेल. कारणं गुंतागुंतीची असतात, सगळीच कुणाची तरी चूक नसतात, हे आईबापांशी बोलता येतं. मी बोलले नाही.

पुढच्या भेटींत तर मी कौतुकच करत गेले. पालथं टाकलं की मुलगी मान ताठ वर करायची. ‘मान लवकर धरली हं!’ हात धरून उठवायला गेलं तर बसायच्या ऐवजी काठीसारखी सरळ उभीच राहायची, तीही चवड्यांवर. घरात आनंदीआनंद. पोरगी लवकर चालणार, असं सगळे म्हणत होते आणि मी हसून मान डोलावत होते. तो ताठरपणा होता. आठव्या महिन्यात ती बसत नाही म्हणून मी ‘मुदतीआधीची आहे, दोन महिने देऊ’ म्हटलं आणि दहाव्यातही तेच. चौदाव्या महिन्यात पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टने तिला कपडे काढून टेबलावर ठेवलं आणि पाच मिनिटांत नाव सांगितलं. वडिलांनी मला फोन केला. रागावले नाहीत. ‘‘मॅडम, तुम्हाला कधी वाटलं होतं का?’’ एवढंच विचारलं. मी म्हणाले, ‘‘इतक्या लवकर सांगता येत नाही.’’

तेही खोटं होतं, पण त्या वेळी मला ते खरं वाटत होतं. आम्ही शिकलो ते टप्प्यांवर : मान कधी, पालथं कधी, बसणं कधी, उभं राहणं कधी. ओपीडीत भिंतीवर त्रिवेंद्रमचा विकासाचा तक्ता लावलेला असतो, पट्टी ठेवून बघायचं की कुठली गोष्ट मागे पडली आहे. तक्ता चांगला आहे, पण तीन महिन्यांच्या बाळाकडून तो फार थोडं मागतो. बाळ हसतं, नजर फिरवतं, मान सावरतं, झालं. आमिएल-तिसॉनचे कोन, म्हणजे मांड्या किती उघडतात, गुडघा किती सरळ होतो, हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. ओपीडीत चाळीस पेशंट बाहेर बसलेले असताना दुपटं सोडून ते कोण मोजणार? आजी रोज लंगोट बांधताना तो कोन मोजत होती.

हालचाली नुसत्या बघून सांगता येतं, हे मला एका परिषदेत समजलं, आणि पहिल्यांदा मी ते हसण्यावारी नेलं. हाइन्झ प्रेख्टल हा मूळचा ऑस्ट्रियाचा माणूस, प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासातून बाळांकडे वळलेला. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनला आणि नंतर ऑस्ट्रियात ग्राट्सला त्याने काम केलं. प्राण्याला हात न लावता तो आपणहून काय करतो ते बघत बसायचं, ही सवय त्याने पाळण्यापाशी आणली. आम्ही बाळाला ओढतो, वाकवतो, गुडघ्यावर हातोडी मारतो. तो म्हणाला, काही करू नका, व्हिडिओ घ्या आणि बघा.

बघायचं काय? बाळ उताणं, जागं, पोट भरलेलं, हातपाय उघडे, समोर खेळणं नाही, कुणी बोलत नाही. अशा वेळी तीन महिन्यांचं निरोगी बाळ स्वस्थ पडून राहत नाही. मनगट अर्धवट फिरतं आणि परत येतं, तेवढ्यात दुसऱ्या बाजूचा घोटा वळतो, खांदा जरासा उचलला जातो, मान किंचित इकडे, किंचित तिकडे, बोटं उघडतात, मिटतात. हालचाल लहान, पण सगळ्या सांध्यांत आणि सगळ्या दिशांना. वेग कुठे वाढतो, कुठे ओसरतो. मंद आचेवरचं दूध उकळी फुटायच्या आधी जसं सगळीकडून बारीक हलायला लागतं, तसं काहीसं. मूळ तारखेपासून साधारण नवव्या आठवड्याला ही चुळबुळ सुरू होते आणि विसाव्याच्या आसपास, बाळ वस्तूंवर झेपावायला लागलं की, विरून जाते. ज्या बाळाच्या मेंदूतल्या वाटा दुखावल्या आहेत त्याच्यात ती बहुधा नसते. बाळ हलतं, पाय झाडतं, हात वर नेतं, म्हणून घरच्यांना आणि डॉक्टरलाही वाटतं, हलतंय की! पण दोन मोठ्या हालचालींच्या मधली जागा रिकामी असते.

१९९७ मध्ये प्रेख्टल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये १३० बाळांचा अभ्यास छापला. चुळबुळ नीट असलेल्यांपैकी ९६ टक्के बाळं पुढे मज्जासंस्थेच्या दृष्टीने ठीक निघाली. ती नसलेल्या किंवा विचित्र असलेल्यांपैकी ९५ टक्के बाळांत दोष निघाला. मी तेव्हा वैद्यकीय पदवीच्या वाटेवर होते, म्हणजे माझ्या सगळ्या प्रॅक्टिसभर ही माहिती उपलब्ध होती. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोव्हाक आणि इतरांनी सगळे पुरावे एकत्र करून सांगितलं की पाच महिन्यांच्या आत एमआरआय, ही हालचालींची तपासणी आणि हॅमरस्मिथ नावाची मज्जासंस्थेची तपासणी यांवरून बहुतेक बाळांत धोका ओळखता येतो. मग मात्र हसणं थांबलं आणि मी हालचाली बघायच्या कोर्सला नाव घातलं.

शिकून आल्यावर त्या मुलीच्या वडिलांकडून जुना व्हिडिओ मागून घेतला. त्यांनी का म्हणून विचारलं नाही, लगेच पाठवला. मागे टीव्हीवर मालिका चालू आहे, मुलगी गादीवर आहे, अंगात नुसतं झबलं. आवाज बंद करून बघितलं. दोन्ही पाय एकदम उचलले जातात, एकदम ताठ होतात, एकदम खाली येतात. मग काहीच नाही. पुन्हा तेच. मला ज्ञान नव्हतं तेव्हा हा व्हिडिओ बघितला असता तर मी ‘गोड आहे’ म्हटलं असतं.

कोर्सच्या आधीच्या त्या काळात आणखी एक बाळ हातून निसटलं होतं, आणि ते वेगळ्या तऱ्हेचं. हा मुलगा पूर्ण दिवसांचा, जन्मताच रडलेला, एनआयसीयूत कधी गेलाच नव्हता. सहाव्या महिन्यात खुळखुळा पुढे केला की डाव्याच हाताने घ्यायचा. आजोबा म्हणाले, ‘‘आमच्या घराण्यात डावखुरे आहेत.’’ मी म्हणाले, ‘‘मग क्रिकेटर होणार.’’ सगळे हसले. पहिल्या वर्षाच्या आत बाळाला असा आवडता हात नसतो. असला तर दुसऱ्या हाताकडे बघायचं असतं. त्याची उजवी मूठ अंगठा आत घेऊन मिटलेली होती, आणि लस मांडीत द्यायची असल्यामुळे मी मांडीच बघत होते. जन्माच्या सुमारास मेंदूच्या डाव्या बाजूला झालेला तो स्ट्रोक होता.

हाताच्या बाबतीत उशीर जास्त महागात पडतो. सुरुवातीच्या महिन्यांत मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून एकेका हाताकडे वाटा जातात आणि वापराप्रमाणे एक टिकते, दुसरी आखडते. दुबळा हात वापरलाच गेला नाही तर त्याच्याकडे येणारी जखमी वाट आणखी मागे पडते. म्हणून आता अशा तान्ह्यांच्या चांगल्या हातावर थोडा वेळ मऊ मोजा चढवून दुबळ्या हाताला खेळायला लावतात. हा मुलगा त्या उपचारांपाशी पोचला तेव्हा वर्षाचा होऊन गेला होता. परदेशातले अभ्यास सांगतात की सेरेब्रल पाल्सी होणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या मुलांच्या जन्माच्या इतिहासात धोक्याचं काही नसतं. माझं ‘हाय रिस्क’चं रजिस्टर त्यांना पकडणारच नव्हतं. त्यांच्यासाठी आजोबा बोलतात तेव्हा न हसणं एवढंच हातात असतं.

त्या पहिल्या मुलीच्या पायांतला दोष लवकर ओळखला असता तर ती चालली असती का? नाही सांगता येत. लवकर ओळखलं म्हणजे आजार पुसला जातो असं कुणी छातीठोकपणे म्हणत असेल तर त्याच्याकडे संशयाने बघावं. पण खुब्यांचा एक्स-रे वेळेवर निघाला असता. या मुलांपैकी साधारण तिघांत एकाचा खुबा हळूहळू निसटतो, आणि दुखायला लागेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. वर्षभर तेल चोळण्यात गेलेले हात बसण्या-धरण्याच्या सरावात गेले असते. आणि त्या बाईने, म्हणजे मुलीच्या आईने, आपल्या दुधात काही कमी पडलं का म्हणून ते वर्ष काढलं नसतं. हे तिने मला फार नंतर सांगितलं.

आता दुसरा अध्याय, ज्याची मला जास्त लाज वाटते. पहिल्या चुका अज्ञानाच्या आणि भित्रेपणाच्या म्हणता येतील. नंतरच्या ज्ञानाच्या.

कोर्सहून आल्यावर मला जिथे तिथे धोका दिसायला लागला. भुकेलं बाळ, रडकं बाळ, उचकी लागलेलं बाळ, तोंडात चोखणी असलेलं बाळ, कुणाचेही व्हिडिओ घेऊन मी शेरे मारत सुटले. यातला एकही व्हिडिओ धरायचा नसतो हे शिकवलेलं होतं. पण तालुक्याहून दोन बस बदलून आलेल्या बाईला ‘बाळ झोपलंय, उठेपर्यंत थांबा’ म्हणायचा संकोच वाटायचा, म्हणून त्याला चिमटे काढून उठवायचं आणि वैतागलेल्या बाळाचं चित्रण करायचं. मूळ तारखेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत काही बाळांच्या हालचाली जरा एकसुरी दिसतात. त्यांतली पुष्कळ पुढे ठीक होतात. मी तेवढ्यावरून आयांना रात्रभर जागवलं.

आणि मग तो व्हॉट्सअ‍ॅप. शेजारच्या तालुक्यातल्या एका तरुण डॉक्टरने व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘तीन महिने, मुलगा.’ व्हिडिओ सुरेख होता, वरून घेतलेला, बाळ शांत. मी एका लग्नात होते. जेवणाच्या रांगेत उभं राहून बघितला आणि लिहिलं : ‘चुळबुळ दिसत नाही. सेरेब्रल पाल्सीचा धोका जास्त. घरच्यांना सांगा, थेरपी सुरू करा.’ त्याने माझा मेसेज जसाच्या तसा घरच्यांना दाखवला.

बाळ बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं होतं. जन्मून तीन महिने झाले होते, पण मूळ तारखेपासून मोजलं तर जेमतेम महिना. त्या वयात चुळबुळ नसतेच. कुणाही निरोगी बाळात नसते. किती आठवड्यांचं जन्मलं, हा एक प्रश्न मी विचारला नव्हता. मुदतीआधीच्या बाळांचं वय कसं मोजायचं हे मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते.

दोन महिन्यांनी ते लोक स्वतःच माझ्याकडे आले. बाळ टेबलावर ठेवलं, आणि मनगटं, घोटे, मान, सगळं इतकं छान चाललं होतं की मला बघवेना. मधल्या काळात सासरी काय काय झालं ते आईने बोलता बोलता सांगितलं : माहेरच्या रक्तात काही आहे का इथपासून, दुसरं मूल कधी, इथपर्यंत. मी म्हणाले, ‘‘माझी चूक झाली. वय विचारायला हवं होतं.’’ नवरा म्हणाला, ‘‘जाऊ द्या मॅडम, बाळ चांगलं आहे ना.’’ ती काही म्हणाली नाही. पुढच्या लसीला ते आले नाहीत. दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, आणि बरोबरच आहे.

आता ओपीडीत एका कोपऱ्यात गादी आहे आणि वर मोबाइल अडकवायला दांडा. पंखा बंद ठेवायचा, बाळाला पाजून आणायचं, बाळ उठेपर्यंत थांबायचं, हे रिसेप्शनवरची मुलगी फोनवरच सांगते. सोनोग्राफी घरी सोडायच्या आधी पुन्हा होते. हालचालींच्या जोडीला हॅमरस्मिथची तपासणी करते : २६ बाबी, ७८ गुण, दहा-पंधरा मिनिटांचं काम, ज्याला वेळ नाही असं मी इतकी वर्षं म्हणत आले. एका व्हिडिओवरून निकाल देत नाही, परत बोलावते. शिवाय मुंबईच्या एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीला माझं मत न कळवता तोच व्हिडिओ बघायला देते. एकाच बाजूचा सौम्य दोष माझ्या नजरेतून अजूनही सुटतो, तिच्या सहसा सुटत नाही.

घरच्यांशी बोलताना ‘जरा टाइट आहे’ हा शब्दप्रयोग मी सोडला आहे. त्याचा अर्थ घरी ‘मालिश कमी पडतेय’ असाच होतो. आई आणि वडील दोघं समोर असतील तेव्हाच सांगते की धोका जास्त आहे, नाव आज पक्कं करत नाही, पण काम आजपासून सुरू करायचं. मग अडचणी सुरू होतात. २०१३ मध्ये पालघरला राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली तेव्हापासून जिल्ह्याजिल्ह्यांत लवकर उपचारांची केंद्रं आली, थेरपी फुकट आहे. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी फुकट नाही. थेरपिस्टची जागा रिकामी असेल तर फेरीही वाया जाते. त्यामुळे घरी करायच्या गोष्टी मी आजीला शिकवते. लंगोट तीच बांधते.

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ अजून येतात. परवाच एका डॉक्टरने पाठवला. मी उघडायच्या आधी लिहिलं : किती आठवड्यांचं जन्मलं, मूळ तारीख कोणती, पाजून किती वेळ झाला, व्हिडिओच्या आधी रडलं होतं का, सोनोग्राफी कितव्या दिवशी केली. थोड्या वेळाने उत्तर आलं, ‘‘मॅडम, आईबाप समोर बसलेत. आधी व्हिडिओ बघून सांगा ना, बाकीचं नंतर कळवतो.’’

मी त्याला लिहिलं की आईबापांना चहा पाज आणि डिस्चार्ज कार्ड माग.